किल्ली कुणाकडे?

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात हस्तकलेवर एक छोटासा परिसंवाद झाला, हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. बहुतेकांना आठवत नसेल, कारण त्याच दुपारी मैदानावर क्रिकेटचा सामना होता आणि सभागृहात माणसांपेक्षा खुर्च्याच अधिक होत्या. त्या परिसंवादात मी जपानमधील कपड्यांच्या जुन्या लाकडी पेट्यांवर, म्हणजे ‘तान्सू’वर, दहा मिनिटे बोलले. ग्रंथालयात सापडलेल्या दोन इंग्रजी पुस्तकांवर माझी सारी भिस्त. लाकूड कोणते, सांधे कसे, लोखंडी पत्र्यावरची नक्षी कुठल्या गावची, हे सगळे तोंडपाठ केले होते. अध्यक्षस्थानी असलेल्या सरांनी ‘अभ्यासपूर्ण’ हा शब्द वापरला, टाळ्या पडल्या आणि मी समाधानाने जागेवर येऊन बसले.

चहाचे कप गोळा करायला आलेल्या मावशींनी मात्र, मी फळ्यावर लावलेल्या चित्राकडे पाहत एकच प्रश्न विचारला. “एवढी कुलपं हायती. किल्ली कुणाकडं असायची गं?”

मला उत्तर देता आले नाही. कुलूप किती इंचांचे, त्यावरचा सिंह उजवीकडे पाहतो की डावीकडे, हे मी सांगू शकले असते. किल्लीचा विचारच केला नव्हता. तेव्हापासून जे वाचले त्यावरून माझे एक मत बनले आहे आणि ते येथे मांडण्याचे धाडस करते. कपड्यांच्या तान्सूची कारागिरी ही ती उघडणाऱ्या बाईला वगळून कळतच नाही. आणि जुन्या वस्तूंचे आपण जे कौतुक करतो त्यात नेमकी तीच वगळली जाते.

आधी वस्तू काय ते सांगायला हवे. तान्सू म्हणजे खणांची पेटी. झाकण वर उचलायचे अशी पेटी जपानात फार जुनी. पण एकावर एक ओढायचे खण असलेली पेटी त्या मानाने अलीकडची, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसाकात रूढ झालेली. कपड्यांसाठी जी असते ती ‘इशो-दान्सू’. तिच्यातही पुष्कळदा दोन स्वतंत्र भाग एकावर एक ठेवलेले असतात, म्हणजे उचलताना वेगळे करता यावेत. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या असतात. त्या वर ओढून त्यांतून लाकडी दांडा ओवला की दोन माणसांनी पेटी खांद्यावर घ्यायची, आपल्याकडे पालखी घेतात तशी. जपानी भाषेत तान्सू मोजायचा शब्दच ‘साओ’ आहे आणि साओ म्हणजे दांडा. आपण ‘दोन नग’ म्हणतो तिथे ते ‘दोन दांडे’ म्हणतात. एखादी वस्तू हलवण्याच्या साधनावरून मोजली जाते, यावरूनच तिच्या आयुष्यात हलणे किती महत्त्वाचे असेल याची कल्पना यावी.

हलण्याची कारणे मुख्यतः दोन, आग आणि लग्न.

आगीचे आधी सांगते. १६५७ साली एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, निम्म्याहून अधिक जळाले. मेलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याचे सांगतात. त्या काळी श्रीमंत घरांतून चाके लावलेल्या मोठाल्या पेट्या असत. आग लागल्याबरोबर जो तो आपापली पेटी ढकलीत रस्त्यावर आला, अरुंद रस्ते पेट्यांनी तुंबले आणि पळणारी माणसे मागे अडकली. पुढे १६८३ साली एदो, क्योतो व ओसाका या तीनही शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. पेटीची चाके गेली, ती खांद्यावर आली आणि खांद्यावर आली म्हणजे ती हलकी असणे भाग होते.

हलकेपणासाठी किरीचे लाकूड. इंग्रजीत त्या झाडाला पाऊलोव्हनिया म्हणतात. लाकडाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश, सागाच्या निम्म्याहून कमी. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा ज्यांनी हातात घेतला असेल त्यांना अंदाज येईल. नखाने ओरखडा उठेल इतके मऊ. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, असल्या लाकडाची पेटी ती कसली! आपल्या डोक्यात मजबुती म्हणजे जडपणा. पण कपड्यांना हवे असते ते हेच. पावसाळी हवेत किरी थोडे फुगते आणि खणांच्या फटी बुजतात. बाहेरचा ओलावा आत जात नाही. हवा कोरडी झाली की आक्रसते आणि आतली हवा खेळती होते. उष्णता त्यातून लवकर पार होत नाही. आगीत पेटीची बाहेरची बाजू कोळसा झाली, बंबाचे पाणी पिऊन लाकूड फुगले आणि आतले रेशमी कपडे शाबूत राहिले, अशा कथा तिकडे पुष्कळ सांगितल्या जातात.

लाकूड कापून लगेच वापरीत नाहीत. फळ्या उघड्यावर, ऊन-पाऊस खात वर्ष वर्ष, कधी अनेक वर्षे, उभ्या ठेवतात. तसे न केल्यास लाकडातला कस पुढे काळे डाग होऊन वर येतो. मग सांधे. लोखंडी खिळे नाहीत. कबुतराच्या शेपटीसारखे दात कापून फळ्या एकमेकींत बसवायच्या आणि जिथे मेख लागेल तिथे उत्सुगी नावाच्या झुडपाच्या लाकडी मेखा, भाजून घेतलेल्या. लोखंड गंजते आणि गंज रेशमाला लागतो. शेवटी गवताच्या मुळांच्या घट्ट जुडीने फळीचा पृष्ठभाग घासायचा, की मऊ भाग दबून रेषा उठून दिसतात. त्यावर रानफळांच्या काढ्यात कालवलेली बारीक मातीची पूड, आणि मेण.

आता खण. चांगल्या पेटीची एक खूण अशी की एक खण आत ढकलला की दुसरा आपोआप थोडा बाहेर येतो. खण इतके नेमके बसलेले असतात की आत कोंडलेल्या हवेला दुसरी वाट नसते. परिसंवादात हे सांगितले तेव्हा सगळ्यात मोठा ‘अहाहा’ याच वाक्याला मिळाला होता. मीही ती गंमत म्हणूनच सांगितली होती.

पण खण तसा का? किमोनो शिवतात ते सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा एका ताग्यातून, सरळ पट्ट्या कापून. कुठे वळण नाही, गोलाई नाही. म्हणून शिवणीवरून दुमडत गेले की अंगावरचा तो घेरदार पोशाख सपाट लांबट घडी होऊन बसतो. ती घडी कागदाच्या वेष्टनात बांधायची आणि खणात आडवी ठेवायची. म्हणून खण रुंद आणि उथळ. घडीचे माप हे पेटीचे माप. (आपल्या भाषेत पेटीचा खण आणि चोळीचा खण एकाच शब्दाने ओळखले जातात याची मला त्या दिवशी फार मौज वाटली, पण ती निव्वळ मौज, त्यातून काही सिद्ध होत नाही.) पुढचे ऐका. किमोनो नीट धुवायचा तर टाके उसवून पट्ट्या वेगळ्या करायच्या, धुऊन ताणून वाळवायच्या, पुन्हा शिवायच्या. म्हणजे कापड सरळच राहते, विरलेली बाजू आत घालता येते, आईचा किमोनो लेकीच्या मापाचा करता येतो. ही सारी कामे कोण करीत असे हे सांगायला नको. जिच्या हातांनी घडी पडायची तिच्या घडीच्या मापावर सुतार लाकूड कापीत होता. तरीही पुस्तकांत सुतार आहे, ती नाही.

सुताराला कमी लेखावे असे मला सुचवायचे नाही. उलट. सेनदाईच्या प्रसिद्ध पेट्यांत तर तीन कसबांचा हात असतो: सांधे करणारा, उरुशी झाडाच्या चिकाचे पारदर्शक रोगण चढवणारा, आणि लोखंडी पत्रा ठोकून त्यावर ड्रॅगन, सिंह, शाकुयाकाच्या जातीची फुले उठवणारा. खणांच्या कड्यांना ‘वाराबी-ते’ म्हणतात. नेच्याच्या कोवळ्या, वळलेल्या कोंबावरून आलेला शब्द. लोखंडाला नेच्याचे नाव देणाऱ्या माणसाविषयी कुणालाही आदरच वाटेल.

आणि या माणसाची दखल घेतली गेलीही. यानागी सोएत्सु या विचारवंताने १९२५ च्या सुमारास आपल्या मित्रांसह ‘मिंगेइ’, म्हणजे लोककला, हा शब्द घडवला. १९३६ साली टोकियोत त्यासाठी संग्रहालय उभे केले. नाव न कोरणाऱ्या, रोजच्या वापराच्या वस्तू करणाऱ्या अज्ञात कारागिराला त्याने कलेच्या चर्चेत मानाने बसवले. त्याचे लेख १९७२ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आले, तेव्हा त्याच्या नावातही ‘अज्ञात कारागीर’ हेच शब्द होते. हे मोठे काम झाले यात शंका नाही. माझी तक्रार एवढीच, की अज्ञात कारागिरासाठी ग्रंथ निघाला. अज्ञात मालकीण अज्ञातच राहिली.

मालकीण हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, आणि येथे लग्नाकडे यावे लागते.

कपड्यांची पेटी ही वधूबरोबर सासरी जायची. मुलगी झाली की अंगणात किरीचे झाड लावायचे आणि तिच्या लग्नात ते तोडून तिची पेटी करायची, असा रिवाज जपानच्या अनेक भागांत सांगतात. किरी झपाट्याने वाढते, पंधरा-वीस वर्षांत कापण्याजोगे होते. त्यामुळे हिशेब जुळतो. ही कथा ऐकून आपल्या वर्गातल्या मुलींनी ‘किती गोड!’ असा उद्गार काढला होता. मला ती तेवढी गोड वाटत नाही. तीन मुली झाल्या की घर बुडाले, अशा अर्थाची म्हणही त्याच देशात आहे. झाड लावणाऱ्या बापाच्या मनात माया असेल, धास्तीही असेल. मिरवणुकीत पेट्या किती, त्या भरलेल्या की रिकाम्या, हे पाहायला गाव जमायचे. रुखवतापुढे उभे राहून मोजदाद करणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे आपल्याला काही नवे नाहीत. अगदी विसाव्या शतकातही नागोयाकडे हे सामान लाल-पांढऱ्या पडद्यांनी सजवलेल्या ट्रकमधून जायचे आणि तो ट्रक मागे घेणे अशुभ मानीत. मुलगी परत यायला नको म्हणून. समोरून दुसरी गाडी आली तर त्या गाडीनेच मागे सरायचे!

पण पेटी सासरी पोचल्यावर कुणाची? येथे मला जे सापडले ते अनपेक्षित होते. तोकुगावा शासनाने १७४२ साली संकलित केलेल्या नियमांत असे होते की नवऱ्याने बायकोच्या संमतीवाचून तिचे कपडे गहाण टाकले तर तो दोष. मग फारकतीचा निर्णय मुलीच्या बापाच्या मनावर. नवऱ्याने साडेतीन ओळींची सोडचिठ्ठी हातावर ठेवायची रीत होती, पण तशी ठेवली तर तिचे सामान परत करावे लागे. म्हणजे जिथे घर तिचे नव्हते, जमीन तिची नव्हती, मुलेही बहुधा तिची नव्हती, तिथे खणांतले कपडे मात्र तिचे होते. निर्णय बापाच्या हाती, तिच्या नाही, हे विसरू नये. तरीही त्या कुलपाचा अर्थ मला तेव्हा कळला. ते चोरासाठी नव्हते, किंवा केवळ चोरासाठी नव्हते.

आणि कपडे म्हणजे नुसते कपडे नव्हेत. रेशमी किमोनो म्हणजे बाईची बँक. लेखिका हिगुची इचियो, जिचे चित्र २००४ सालच्या ५००० येनच्या नोटेवर आले, ती घर चालवण्यासाठी टोकियोतल्या हाँगो भागातील एका गहाणवटीच्या दुकानात किमोनो घेऊन जात असे. अवघ्या चोविसाव्या वर्षी, १८९६ साली, ती क्षयाने गेली. खण रिकामा होत जाणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेच आहे. १८६८ नंतरच्या मेइजी काळात पोशाख आणि सामानावरची जुनी वर्गवार बंधने सुटली, सामान्य घरांतूनही तान्सू आल्या, कुलपांवरचे पत्रे मोठे आणि नक्षीदार होत गेले. आज जुन्या वस्तूंचे व्यापारी ज्या पेट्या दिमाखाने मांडतात त्यांतल्या कितीतरी याच काळातल्या. आणि याच काळात, १८९८ सालच्या नव्या नागरी कायद्याने, बायकोच्या मालमत्तेचा कारभार व उपभोग नवऱ्याकडे दिला. मोठे व्यवहार करायला तिला त्याची परवानगी लागू लागली. ते १९४७ साली बदलले. मधली जवळजवळ पन्नास वर्षे, जेव्हा कुलूप सर्वांत देखणे होते, तेव्हाच त्याच्या आतल्या मालावरचा तिचा हक्क सर्वांत दुबळा होता. याला मी ‘आधुनिकीकरण’ या धड्याखाली परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहिले आहे. त्या उत्तरात पेटी नव्हती. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना स्मृतिकाळापासूनची. तरीही सासरी ठेवलेले स्त्रीधन हे बाईचेच, सासरच्यांकडे ते केवळ ठेव म्हणून असते, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाला प्रतिभा राणी खटल्यात सांगावे लागले.

माझ्या मताला हरकत घेणारे घेतील. आमच्या एका वर्गमित्राने घेतलीच. “प्रत्येक पेटी काय बायकांचीच होती?” नव्हती, हे मान्य. सेनदाईची पेटी मुळात सामुराईंच्या घरची. वरच्या रुंद खणात हाओरी नावाचा अंगरखा आणि तलवारही मावावी अशी ती बेतलेली. दुकानांच्या वहीखात्यांच्या पेट्या वेगळ्या, नाखव्यांच्या जहाजावरच्या जडशीळ लोखंडबंद पेट्या वेगळ्या. पण गंमत पाहा. जहाजाच्या पेटीबद्दल बोलताना तिचा मालक आपोआप येतो. वादळ येते, बंदर येते, व्यापार येतो. दुकानाच्या पेटीबरोबर सावकार येतो. कपड्यांच्या पेटीबरोबर मात्र फक्त लाकूड येते.

दुसरी हरकत आमच्या सरांची, आणि ती अधिक वजनदार. त्यांचे म्हणणे, वस्तूचे सौंदर्य हे वापरापलीकडचे असते; आपण त्यात समाजशास्त्र कोंबले की सौंदर्य मरते. सरांचा आदर राखून मला वाटते, या पेटीच्या बाबतीत उलटे घडते. एकच उदाहरण देते. किरीची पेटी जुनी झाली, काळवंडली, की ती कारागिराकडे नेत. तो कड्या-कुलपे काढून, फुटले-तुटले सांधून, वरून रंधा मारून नवे लाकूड उघडे करी. आजीची पेटी नातीच्या लग्नात पांढरीशुभ्र होऊन पुन्हा निघे. आजही हे काम करणारे आहेत. पेटी करणाऱ्याने हे धरूनच फळी पुरेशी जाड ठेवलेली असे. आता संग्राहक काय म्हणतो? रंधा मारू नका, जुनेपणाची झाक जाईल, किंमत उतरेल. ज्या डागांना घरची बाई वैतागली असेल तेच डाग आता सौंदर्य! सौंदर्य वापरापलीकडे आहे म्हणताना आपण कारागिराने ठेवलेली ती जास्तीची जाडी वाया घालवतो, हे सरांनी लक्षात घ्यावे. मला तर हवेने पुढे येणाऱ्या खणापेक्षा ही दोन सुतांची जाडी मोठी कारागिरी वाटते. आपल्या मरणानंतरच्या रंध्याची सोय आहे ती.

या पेट्यांचे जतन होत नाही असे नाही. जपान सरकारने १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला. कामो गावच्या किरी-तान्सूला १९७६ साली, इवायादोच्या पेट्यांना १९८२ साली आणि सेनदाईला २०१५ साली त्याखाली मान्यता मिळाली. लाकूड, सांधे, रोगण यांचे निकष कागदावर आले. किमोनो रोज नेसणाऱ्या बायका मात्र केव्हाच कमी झाल्या. घरे लहान झाली, कपाटे भिंतीत गेली. तंत्र टिकले, घडी गेली.

तथापि सारेच अभ्यासक माझ्या तक्रारीस पात्र नाहीत. कोइझुमी काझुको या बाईंनी फर्निचरच्या इतिहासात आयुष्य घातले. १९८२ साली तान्सूवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण मला त्यांची दुसरी कृती अधिक मोलाची वाटते. १९५१ साली बांधलेले आपल्या आईवडिलांचे टोकियोतले साधे घर त्यांनी १९९९ साली संग्रहालय म्हणून खुले केले. त्यात खजिना काही नाही. स्वयंपाकघर आहे, शिवणकाम आहे, रोजचे सामान आहे. वस्तू जिच्या हातातली होती तिच्या जवळच ठेवायची, एवढीच त्यामागची दृष्टी असावी असे मी समजते.

आता आपल्या घरचे थोडे. आपल्या महाविद्यालयात एका काचेच्या कपाटात जुन्या वस्तू मांडल्या आहेत. घंगाळ, फिरकीचा तांब्या, एक लाकडी फणीपेटी. प्रत्येकीपुढे चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर वस्तूचे नाव, धातू, अंदाजे काळ आणि देणगीदार सद्गृहस्थांचे नाव. मी काचेला नाक लावून पाहिले. तांब्याच्या गळ्याखाली ठोक्याठोक्यांनी नाव घातलेले आहे; ते एका बाईचे आहे, आणि ते चिठ्ठीवर नाही. तान्सूच्या पाठीवर किंवा खणाच्या तळाशीही कधी कधी शाईने लिहिलेली तारीख आणि नाव सापडते. व्यापारी तारीख वाचतात, कारण तारखेने भाव ठरतो.

फणीपेटीवर नाव नाही. तिच्या चिठ्ठीवर ‘मालकिणीचे नाव माहीत नाही’ एवढी एक ओळ वाढवावी आणि तांब्यावरचे नाव त्याच्या चिठ्ठीवर घ्यावे, असा अर्ज मी दिवाळीपूर्वी दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. कपाटाला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे असते ते विचारले, तेव्हा कळले की मावशींकडे.